थायरॉईडची गोळी सुरू झालीय? मग आधी सकाळचा चहा पुढं ढकला

गोळी गिळायला दोन सेकंद लागतात, खरा त्रास आहे तो त्यानंतरच्या चहाचा. हे मला 2018 साली कुणीतरी नीट बसवून सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, सांगलीत गावभागात राहते, घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. स्वतः गोळी खातेय, आत्या पण खातात (आत्या म्हणजे सासूबाई, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात), आणि शिवायला येणाऱ्या बायकांत दर चौथी-पाचवी कुणीतरी "मला पण थायरॉईड निघालाय" म्हणत बसते. म्हणजे ज्ञान म्हणाल तर मशीनवर बसून गोळा केलेलं, आणि बाकीचं डॉक्टरांना विचारून विचारून त्यांचं डोकं खाऊन.

गळ्याच्या पुढं फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते, तिनं जो हार्मोन बनवायचा तो ती कमी बनवतेय, तोच हार्मोन आपण बाहेरून घेतो, एवढंच आहे. गोळीचं नाव लेव्होथायरॉक्सिन. बाटलीवर थायरोनॉर्म असेल, एल्ट्रॉक्सिन असेल, थायरॉक्स असेल, आत वस्तू तीच. त्यामुळं "बाई, हे स्ट्रॉंग औषध, किडनी जाते" असलं काही ऐकून घाबरू नका. बऱ्याच जणींना हे होतं ते शरीराची आपलीच फौज आपल्याच ग्रंथीवर चालून जाते म्हणून, त्याला हाशिमोटो म्हणतात, 1912 साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं पहिल्यांदा ते लिहून ठेवलं म्हणून ते नाव. रिपोर्टात अँटी टीपीओ (त्या फौजेची रक्तातली खूण) वाढलेलं दिसलं तर बहुतेक तेच. मीठ बदलून ते जात नाही. उलट हल्ली सगळ्यांनी सैंधव सुरू केलंय, त्यात आयोडीन घातलेलं नसतं, साधं आयोडीनवालं मीठ बरं आहे ते सोडू नका, आणि वरून आयोडीनच्या गोळ्या पण मनानं घेऊ नका.

बाटली हातात आली की पहिलं काम आकडा वाचायचा. गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, एक मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातला एक. 25, 50, 75, 88, 100 अशा येतात, आणि साडेबाराची पण येते आणि एकशे पंचवीसची पण येते, बघा म्हणजे, 12.5 आणि 125, मधला टिंब दिसला नाही तर दहापट फरक. चष्मा लावून वाचा, मेडिकलवाल्याला मोठ्यानं वाचायला लावा, लाजायचं काय त्यात. ब्रँड एकदा धरला की शक्यतो तोच ठेवायचा. जेनेरिक घेतली तरी चालते, पण या महिन्यात ही आणि पुढच्या महिन्यात ती असं नको, आणि बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघून घ्यायचा (थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी, हार्मोन कमी पडला की हा आकडा चढतो).

आता वेळ. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. साध्या म्हणजे साध्याच. लिंबू-मध नाही, जिऱ्याचं पाणी नाही, आवळ्याचा रस नाही. त्यानंतर कमीत कमी अर्धा तास, जमलं तर तासभर, पोटात काही नाही. आणि इथंच आपलं घोडं अडतं, कारण आपल्याकडं दात घासून झाले की चहा हातात पाहिजे. दूध, चहा, कॉफी हे सगळं गोळी आतड्यातून अंगात नीट जाऊ देत नाही, म्हणजे गोळी पोटात जाते पण अंगाला पूर्ण लागत नाही. आत्या पहिल्यांदा म्हणाल्या, "तेवढ्या घोटभर च्यानं काय हुतंय?" आणि तीन महिने गोळीवर चहाच पीत होत्या, मग रिपोर्ट आला तसाच, जागचा हलला नाही. आता मी साडेपाचला उठते, उशाशी बाटली आणि तांब्या, डोळे उघडले की गोळी, मग नळाला पाणी असतं ते भरायचं, झाडलोट, अंगण, आणि साडेसहाला चहा. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, हे खरं सांगते, ते गोळीमुळं नाही, चहा लांबला म्हणून. नंतर सवय होते. ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री घ्यायची, शेवटच्या जेवणानंतर तीनेक तास गेल्यावर झोपताना. माझा दीर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातो, कधी पहाटे चारला उठतो कधी दहाला, तो रात्रीच घेतो आणि त्याचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला असतो. म्हणजे वेळ कुठली याच्यापेक्षा ती रोज एकच आहे का आणि पोट रिकामं आहे का हे महत्त्वाचं.

उपास असला तर प्रश्नच नाही, संकष्टीला तर सोपंच, शाबूची खिचडी कशीही उशिराच खातो आपण. हरतालिकेला मात्र काहीजणी पाण्याचा थेंब घेत नाहीत. मी गोळीपुरतं पाणी घेते, देवीला चालतं असं माझं मत आहे, तुमचं तुम्ही ठरवा, पण गोळी कोरडी गिळू नका, घशात चिकटते.

चहापेक्षा मोठा घोळ दुसऱ्या गोळ्यांचा आहे, आणि यात मीच फसलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. मला कॅल्शियम आणि रक्तवाढीची अशा दोन गोळ्या अजून चालू होत्या. मी शहाणी, सगळ्या एका छोट्या वाटीत काढून ठेवायचे आणि सकाळी एका घोटात तिन्ही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहा महिने हेच. टीएसएच खाली यायचं नाव नाही, डोस 50 चा 75 झाला, 75 चा 100 झाला, तरी थकवा तसाच. मग एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं अजून काय काय घेता, मी वाटीचं सांगितलं, तर ते हसायलाच लागले. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही पोटात थायरॉईडच्या गोळीला धरून बसतात, सोडत नाहीत. मधे चार तासांचं अंतर पाहिजे. म्हणजे थायरॉईड सकाळी सहाला, तर कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, रक्ताची गोळी संध्याकाळी. मल्टिव्हिटॅमिन पण त्यातच धरा, कारण त्यात बहुतेक वेळा लोह नाहीतर कॅल्शियम असतं. गुलाबी नाहीतर पांढरं ॲसिडिटीचं पातळ औषध, त्याला पण चार तास. आणि पँटोप्राझोल, जी आपल्याकडं घराघरात कुणीतरी उपाशीपोटी घेतच असतं, ती पोटातलं ॲसिड कमी करते आणि थायरॉईडची गोळी विरघळायला ॲसिड लागतं, त्यामुळं ती कायमची चालू असेल तर डोस थोडा वाढवावा लागू शकतो. लपवू नका, सांगा. रक्त पातळ करायची वॉरफरीन, फिट्सच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या नाहीतर इन्सुलिन, पाळी पुढं ढकलायच्या किंवा मूल नको म्हणून घेतलेल्या गोळ्या, हे सगळं पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं, कारण एकीचा दुसरीवर परिणाम होतो. मी आता कुठल्याही डॉक्टरकडं जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालूनच नेते, नावं पाठ करायच्या भानगडीत पडत नाही.

खाण्याचं फार स्तोम माजवलंय लोकांनी. कोबी, फ्लॉवर बंद करा म्हणतात, शिजवून नेहमीएवढं खाल्लं तर काही होत नाही. सोयाबीन आपल्या भागात शेतात पिकतं म्हणून घरात येतंच, कुणी गव्हात दळून आणतं, कुणी वड्यांची भाजी करतं, ते बंद करायची गरज नाही पण गोळीच्या आसपास नको आणि एक महिना रोज, दुसऱ्या महिन्यात अजिबात नाही असं पण नको, कारण सोयामुळं गोळी अंगात कमी जाते आणि डोस तुमच्या खाण्यावर बसवलेला असतो. धन्याचं पाणी, कांचनार गुग्गुळ, अश्वगंधा, मोबाईलवर रोज काहीतरी येतं. धन्याचं पाणी प्यायचं तर प्या, तासाभरानं, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद केलेल्या दोघी मला माहितीयत आणि दोघी सुजून परत आल्या. अश्वगंधा मात्र न सांगता घेऊच नका, तिच्यानं अंगातला थायरॉईडचा हार्मोन वाढू शकतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "पंधरा दिवस झाले, काहीच फरक नाही." सांगलीच्या माणसाला हे समजवायला मी नदीचं सांगते. कोयनेचे दरवाजे उघडले म्हणून आयर्विन पुलाखाली लगेच पाणी चढत नाही, वेळ लागतो, फूट फूट चढतं. गोळीचं तसंच. आज घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध सात दिवसांनी सुद्धा अंगात असतं, त्यामुळं अंगातली पातळी हळूहळू भरत जाते आणि स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगतात, त्याआधी तपासणं म्हणजे पैसे वाया. आणि पहिलं पाणी पोचायच्या आत अजून दरवाजे उघडले, म्हणजे मनानंच डोस वाढवला, तर पुढं काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

मी तो पण उद्योग केलाय. दिराचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं आणि मला वजन कमी करायचं होतं, कुणीतरी म्हणालं डबल घे, झरझर उतरतं. घेतली. तीनेक आठवड्यांनी सुईत दोरा जाईना. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला, तर नंबर नाही, बोटं थरथरत होती. मग रात्री झोप नाही, छातीत धडधड, घाम, दिवसातून तीन-चारदा संडासला, आणि पोरीवर उगाचच ओरडणं. टीएसएच आला 0.02. ही सगळी लक्षणं गोळी जास्त होतेय याची आहेत, आणि हे नीट समजून घ्या, "साइड इफेक्ट" म्हणून आपण जे घाबरतो ते बहुतेक वेळा डोस जास्त झाल्याचं असतं, गोळी वाईट असल्याचं नसतं. डोस बरोबर बसला की अंगाला ती कळत पण नाही. पण जास्त डोस महिनोन्महिने चालू राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, म्हणून वजनासाठी हा खेळ नको. वजनाचं खरं सांगायचं तर थायरॉईडमुळं वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं आणि त्यात पण बरंचसं साठलेलं पाणी, ते उतरतं. बाकीचं माझ्या बाबतीत भडंग आणि बसून काम याचं होतं, त्याला गोळी काय करणार.

धडधड, थरथर सुरू झाली तर फोन करून डॉक्टरांना सांगा, ते रक्त बघून डोस कमी करतील, गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येऊन पडायला झालंय तर उद्याची वाट बघायची नाही, 108 ला फोन नाहीतर सरळ जवळचं हॉस्पिटल, आपल्याकडं मिरज हाकेवर आहे. म्हाताऱ्या माणसांना आणि ज्यांना हार्टचं काही आहे त्यांना म्हणूनच अगदी कमी डोसवर सुरू करतात. आत्यांना 25 वर सुरू केलं होतं आणि सावकाश वाढवत नेलं, त्या म्हणायच्या "मला निम्मीच का दिली, माझ्याकडं पैसे नाहीत का?" अंगावर खाज, पुरळ असलं काही क्वचित होतं, ते बहुतेक गोळीच्या रंगानं नाहीतर आत घातलेल्या दुसऱ्या कशानं, ब्रँड बदलून बघता येतं, विचारून.

केसांचं एक वेगळं सांगते कारण यात बायका गोळी सोडतात. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत केस जास्त गळल्यासारखे वाटतात, माझी तर मशीनखाली रोज गुंडाळी सापडायची. ते तात्पुरतं असतं. माझं क्रमानं असं सुधारलं की आधी पोट साफ व्हायला लागलं, मग थंडी वाजायची कमी झाली, पाळी वेळेवर आली, दुपारची झापड गेली, आणि केस सगळ्यात शेवटी, सहा महिन्यांनंतर. तुमचा क्रम वेगळा असेल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याच्यानं बऱ्याच मशीनवर रिपोर्ट खोटा येतो, टीएसएच उगाच कमी दिसतो आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात.

रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची गोळी बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची, कारण गोळीनंतर दोन-चार तास टी फोर, म्हणजे रक्तातला थायरॉईडचा हार्मोन, चढलेला असतो. लॅब शक्यतो तीच, वेळ पण तीच. टीएसएच साधारण 0.4 ते 4.5 च्या आत असला की बरा, पण प्रत्येक लॅबची रेंज थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवरच छापलेली असते, आणि वयस्कर माणसाला थोडा वर असला तरी डॉक्टर चालवून घेतात, त्यामुळं शेजारणीचा आकडा आणि आपला आकडा ताडून बघायचा नाही. आणखी एक, टीएसएच वाढलेला म्हणजे हार्मोन कमी. हे उलटं आहे, मला समजायला दोन वर्षं लागली. मेंदूजवळची ग्रंथी थायरॉईडला ओरडून सांगते काम कर काम कर, ते ओरडणं म्हणजे टीएसएच. एकदा डोस बसला की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तपासलं तरी चालतं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलाय. काहींची खरंच बंद होते, बाळंतपणानंतर तात्पुरता बिघडलेला थायरॉईड असतो त्यातल्या बऱ्याच जणींची, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. बाळाचं म्हणाल तर दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं, पहिल्या सोनोग्राफीची वाट बघायची नाही. सुरुवातीला बाळ आईच्याच हार्मोनवर असतं, त्यामुळं डोस बहुतेक पाव हिस्सा तरी वाढवतात आणि पहिले निम्मे दिवस दर महिन्याला तपासतात. "पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत" म्हणणारी कुणीतरी आजी प्रत्येक घरात असते, तिला हो म्हणायचं आणि गोळी खायची. फक्त तेव्हा लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पण मिळतात, त्यांचं चार तासांचं विसरू नका.

विसरलात तर? त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एक घ्या, मनानं दोन नको. एखाद्या दिवसानं बिघडत नाही, औषध अंगात आठवडाभर रेंगाळतं म्हणाले ना. पण आपण किती विसरतो ते आपल्याला माहीत नसतं. मी डॉक्टरांना छातीठोक सांगायचे रोज घेते म्हणून. मग एकदा 100 गोळ्यांची नवीन बाटली उघडताना झाकणावर पेननं तारीख लिहिली, शंभर दिवस भरले त्या दिवशी ओतून मोजल्या तर 13 शिल्लक. तेरा! तेव्हापासून प्रत्येक झाकणावर तारीख असते.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, फ्रीजवर नको, खिडकीत नको, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसला जातो, ऊन आणि दमट हवेनं गोळी मरते. कपड्यांच्या कपाटात ठेवा, मूळच्या बाटलीतच, आतली ती छोटी पुडी टाकून देऊ नका. आणि नदीकाठच्यांसाठी अजून एक. 2019 च्या पुरात आम्ही रात्री निघालो, कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, मशीनचं डोकं काढून माळ्यावर टाकलं, आणि दोघींच्या गोळ्या कपाटात राहिल्या. पाहुण्यांकडं नऊ दिवस गोळीविना गेले, पुराच्या गडबडीत कुणाला आठवण पण झाली नाही, परत आलो तर बाटलीत चिखल. आता जून लागला की एका झिपच्या पिशवीत महिनाभराच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि शेवटचा रिपोर्ट घालून ठेवते, वर मोठ्या अक्षरात दोघींची नावं आणि डोस, माझा 75, आत्यांचा 50. रेशनकार्डाच्या पिशवीतच ती असते, कारण ती पिशवी आमच्यात कुणीच विसरत नाही.